वटवाघळांतील सूक्ष्मजंतु-संक्रामणांचे निदान

उष्ण कटिबंधातील वन्य वटवाघळांच्या शरीरात रोगकारक सूक्ष्मजंतू आहेत काय, असल्यास ते कोणत्या जातीचे, ते जिवंत अवस्थेत वाढत आहेत की त्यांचा केवळ मागमूस उरला आहे आणि त्यांच्यापासून प्राण्याला स्वतःला, माणसाला अथवा पाळीव जनावरांना अपाय संभवतो काय, हे ठरविण्याच्या पद्धतींचा विचार या विषयात केला जातो. हे प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकाचे उत्तर निराळ्या प्रकारच्या पुराव्याने द्यावे लागते. या क्षेत्रातील पुष्कळसा गोंधळ एका प्रश्नासाठी मिळालेला पुरावा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरल्यामुळे झालेला आहे.

वटवाघळांच्या (गण कायरोप्टेरा) १,४०० हून अधिक जाती ज्ञात असून सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सु. एक-पंचमांश जाती या एकाच गणातील आहेत. त्यांपैकी बहुसंख्य उष्ण कटिबंधात राहतात. गुहा, जुन्या खाणी, पडक्या इमारती अथवा उंच झाडे यांच्या आश्रयाने अनेक जातींची वटवाघळे मोठ्या वसाहती करतात. आकारमानाच्या मानाने त्यांचे आयुष्य दीर्घ असते आणि कित्येक जाती अन्नासाठी लांबवर उडत जातात. ही लक्षणे सूक्ष्मजीवांच्या प्रसाराला सोयीची आहेत. तथापि अलर्क, निपाह व मारबर्ग या व्हायरसजन्य रोगांमुळे वटवाघळांतील व्हायरसांकडेच संशोधकांचे लक्ष अधिक वेधले गेले आणि सूक्ष्मजंतूंचा पद्धतशीर शोध मुख्यतः २००० नंतर सुरू झाला. (गुहांतील विष्ठेच्या थरांशी निगडित असलेला हिस्टोप्लाझ्मोसिस हा रोग कवकजन्य असल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही.)

प्रमुख सूक्ष्मजंतू : वटवाघळांच्या रक्तात सर्वाधिक वेळा आढळलेले सूक्ष्मजंतू बार्टोनेला प्रजातीचे आहेत. हे सूक्ष्मजंतू तांबड्या कोशिकांत शिरून राहतात व पोषक प्राण्यात दीर्घकाळ टिकतात; त्यामुळे प्राणी आजारी दिसतोच असे नाही. रक्ताच्या रंजित काचपट्टीवर तांबड्या कोशिकांत दिसणाऱ्या अशा दंडाकार जंतूंना पूर्वी ग्राहामेला असे स्वतंत्र नाव होते. १९९५ मध्ये ही प्रजाती बार्टोनेला प्रजातीत समाविष्ट करण्यात आली. केन्यातील विविध ठिकाणी पकडलेल्या कीटकभक्षक व फलाहारी अशा १३ जातींच्या वटवाघळांच्या पाहणीत (२०१०) १०६ प्राण्यांच्या रक्तातून बार्टोनेलाचे संवर्धन करता आले. दक्षिण ग्वातेमालात २००९ मध्ये तपासलेल्या १५ जातींच्या ११८ वटवाघळांपैकी ३३.१% प्राण्यांत हे जंतू आढळले. केन्यातील अभ्यासात असेही दिसून आले की, ईजिप्शियन फलाहारी वटवाघळातील (रूसेटस ईजिप्टियाकस) सर्व वाण आनुवंशिक दृष्ट्या एकाच गटात मोडतात; म्हणजे पोषक जाती व जंतू यांची साथ जुनी असावी.

बार्टोनेलाचा प्रसार वटवाघळांच्या अंगावर राहणाऱ्या रक्तशोषक माश्यांमार्फत होतो, असा तर्क होता. निक्टेरिबिइडी कुलातील या माश्या बिनपंखी असून दिसायला कोळ्यासारख्या असतात व केसांमधून चपळपणे फिरतात. घानामध्ये अक्रा येथे पिंजऱ्यात ठेवलेल्या पिवळट फलाहारी वटवाघळांच्या (आयडोलॉन हेल्व्हम) वसाहतीने या तर्काला बळकटी दिली. तेथे माश्यांची संख्या आपोआप घटत गेली, तसे रक्तातील बार्टोनेलाचे प्रमाणही घटले. २०१२ मध्ये माश्या पुन्हा सोडल्यावर ते वाढले. वन्य वसाहतीत असा प्रयोग करणे जवळजवळ अशक्य असल्याने या निरीक्षणाला विशेष महत्त्व आहे.

लेप्टोस्पायरा प्रजातीचे सर्पिल सूक्ष्मजंतू मूत्रपिंडाच्या सूक्ष्मनलिकांत राहतात व मूत्रावाटे बाहेर पडतात. मुंबई व कोकणात पावसाळ्यात उद्‌भवणारा लेप्टोस्पायरोसिस याच प्रजातीमुळे होतो. तेथे उंदीर, घुशी व गुरे यांचा संबंध प्रमुख मानला जातो. वटवाघळांतील लेप्टोस्पायरा पेरू, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर, कोमोरो बेटे व रेयुन्याँ बेट येथे आढळलेले आहेत. यांखेरीज गोचिडींमार्फत पसरणारे बोरेलिया आणि आतड्यातील साल्मोनेला व इतर जंतूही आढळतात. त्रिनिदादमध्ये १२ जातींच्या ३७७ वटवाघळांच्या तपासणीत (२००९) केवळ चार प्राण्यांत (१.१%) साल्मोनेला मिळाले. त्याच पाहणीत ४९ प्राण्यांत आढळलेल्या एश्चेरिकिया कोलायला मात्र संक्रामण म्हणणे युक्त नाही. तो पुष्कळ प्राण्यांच्या आतड्यांचा नेहमीचा रहिवासी आहे.

नमुने : निदानाची गुणवत्ता प्रयोगशाळेपेक्षा गुहेच्या तोंडाशी अधिक ठरते. वटवाघळे संध्याकाळी बाहेर पडताना अथवा पहाटे परतताना धुक्यासारख्या विरळ दिसणाऱ्या बारीक धाग्यांच्या जाळ्यात किंवा उभ्या तारांच्या चौकटीच्या सापळ्यात पकडतात. जाळ्याजवळ सतत माणूस असावा लागतो, अन्यथा प्राणी धाग्यांत गुंतून जखमी होतो. प्रत्येक प्राणी वेगळ्या कापडी पिशवीत ठेवतात. एकाच पिशवीत अनेक प्राणी कोंबल्यास एकाचे मूत्र व माश्या दुसऱ्याच्या अंगावर जातात आणि पुढील सर्व तपासणी निरर्थक ठरते. ही चूक क्षुल्लक वाटते; पण अहवालात ती कधीच दिसत नाही आणि आकड्यांवरून ओळखताही येत नाही. यानंतर जाती, लिंग, वय, वजन, अग्रबाहूची लांबी आणि गर्भारपण अथवा स्तनपान यांची नोंद करतात. कित्येक जाती केवळ दिसण्यावरून ओळखता येत नसल्याने जाती-निश्चितीसाठी पंखपटलाचा बारीक तुकडा घेऊन ठेवतात. त्या जागेची जखम भरून येते.

रक्ताचे प्रमाण ही मोठी मर्यादा होय. वजनाच्या सु. १ टक्क्याहून अधिक रक्त काढू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ७ ग्रॅ. वजनाच्या कीटकभक्षक वटवाघळापासून त्यामुळे ०.०७ मिलि. म्हणजे जेमतेम एक-दोन थेंब रक्त मिळते. तेवढ्यातच संवर्धन, जनुकीय परीक्षा व प्रतिपिंडांची परीक्षा भागवायची असते. मोठ्या फलाहारी वटवाघळांत ही अडचण कमी असते. हाताळताना प्राणी बहुधा मूत्र विसर्जित करतो, ते निर्जंतुक नळीत धरतात. गुदद्वाराचा व मुखाचा बोळा, अंगावरील माश्या व गोचिडीही घेतात. प्राण्याला मारून मूत्रपिंड, यकृत व प्लीहा काढण्याची जुनी पद्धत मागे पडत आहे. काही प्रश्नांसाठी ऊतकाला पर्याय नाही हे खरे असले, तरी ज्या प्राण्याची बहुधा वर्षाला एकच पिल्लू होते, त्याच्या वसाहतीतून प्राणी कमी करणे सहज भरून न येणारे असते.

उष्ण प्रदेशात नमुना बाहेर ठेवल्यास काही तासांतच खराब होऊ लागतो. द्रव नायट्रोजन, कोरडा बर्फ, अल्कोहॉल अथवा रक्त शोषून वाळविणारा गाळणकागद यांपैकी काय वापरावे, हे पुढील परीक्षेवर अवलंबून असते. अल्कोहॉलमध्ये डीएनए टिकतो, पण जंतू मरतात. म्हणजे त्या नमुन्यातून संवर्धन पुन्हा कधीही करता येत नाही. मृत सापडलेल्या प्राण्यांचे शवविच्छेदन रोगनिदानाला फार उपयुक्त ठरते. जर्मनीत अशा तपासणीतून पाश्चुरेला जंतूंमुळे वटवाघळे प्रत्यक्ष दगावल्याचे दिसून आले व त्याचा मांजरांच्या चाव्याशी संबंधही लक्षात आला. उष्ण कटिबंधात मात्र मृत शरीर कुजण्यास व मुंग्यांच्या तोंडी जाण्यास वेळ लागत नाही. परिणामी तेथील बहुतेक ज्ञान धडधाकट दिसणाऱ्या, उडता येणाऱ्या व जाळ्यात सापडणाऱ्या प्राण्यांवर आधारलेले आहे; आजारी प्राणी त्यात जवळजवळ येतच नाहीत.

संवर्धन : जंतू कृत्रिम माध्यमावर वाढला म्हणजे तो नमुन्यात जिवंत होता, हे सिद्ध होते. दुसऱ्या कोणत्याही परीक्षेने हे इतक्या निर्विवादपणे सिद्ध होत नाही. बार्टोनेलासाठी सशाचे रक्त मिसळलेले आगर वापरतात व ३५° से. तापमान आणि ५% कार्बन डाय-ऑक्साइड असलेल्या वातावरणात पट्टिका चार आठवड्यांपर्यंत ठेवतात. या काळात झपाट्याने वाढणारे दुसरे जंतू व कवके पट्टिका व्यापून टाकण्याचा धोका असतो. लेप्टोस्पायरासाठी अर्धघन माध्यम २८°–३०° से. तापमानास ठेवून कित्येक आठवडे, प्रसंगी महिने, कृष्णक्षेत्र सूक्ष्मदर्शकाखाली पुनःपुन्हा पाहावे लागते. वटवाघळांतील काही वाण माणसांतील जंतूंसाठी तयार केलेल्या माध्यमावर वाढतच नाहीत. यास्तव जंतू न वाढल्यास तो नव्हता, असा निष्कर्ष काढता येत नाही.

जनुकीय परीक्षा : पॉलिमरेज शृंखला विक्रियेने जंतूच्या डीएनएचा ठरावीक भाग अनेक पटींनी वाढवून ओळखतात. बार्टोनेलासाठी सायट्रेट सिंथेज एंझाइमाचा जनुक, तर रोगकारक लेप्टोस्पायरांसाठी बाह्य पटलातील लिपएल-३२ या प्रथिनाचा जनुक यांचा वापर रूढ आहे. मिळालेल्या तुकड्याचे क्रमनिर्धारण केल्यावर तो कोणत्या वाणाचा हे कळते. केवळ विक्रिया होकारात्मक आली म्हणून जात ठरविणे चुकीचे होय, कारण पुष्कळ वाण नवे असतात व जवळच्या ज्ञात जातीचे नाव त्यांना घाईने दिले जाते.

कोणता नमुना घेतला यावर निकाल किती अवलंबून असतो, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील मोठ्या फलाहारी वटवाघळांच्या (टेरोपस) अभ्यासात सापडते. तेथे १७३ मूत्रपिंडांपैकी १९ (११%) नमुन्यांत, तर मूत्राच्या ४६ नमुन्यांपैकी १८ (३९%) नमुन्यांत लेप्टोस्पायराचा डीएनए आढळला (२००५). हे दोन आकडे सरमिसळ करून वटवाघळांतील लेप्टोस्पायराचे प्रमाण म्हणून एकच आकडा सांगितल्यास त्याला काही अर्थ उरत नाही. विष्ठा व मूत्र यांतील काही द्रव्ये विक्रियेस अडथळा करतात आणि खोटा नकार मिळतो. उलट अभिकारकांत शिरलेला अत्यल्प परका डीएनए खोटा होकार देतो. म्हणून प्रत्येक संचाबरोबर नमुनारहित कोरी नळी आणि ज्ञात डीएनए घातलेली नळी अशा दोन्ही तपासण्या कराव्या लागतात. सर्व सूक्ष्मजंतूंत असणाऱ्या १६एस आरआरएनए जनुकाचे एकत्रित क्रमनिर्धारण केल्यास एका थेंबातील शेकडो प्रकार एकदम दिसतात, परंतु जवळच्या जातींमधील भेद त्याने नेहमी कळत नाही आणि मातीतून वा त्वचेवरून आलेले जंतूही यादीत येतात.

रक्तात प्रतिपिंड आढळले म्हणजे प्राण्याचा त्या किंवा त्याच्यासारख्या जंतूशी पूर्वी कधीतरी संबंध आला असावा, एवढेच समजते. महाबळेश्वर येथील एका गुहेतील वटवाघळांत निपाह व्हायरसाविरुद्धचे प्रतिपिंड आढळल्याचे (नमुने मार्च २०२०) पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने प्रसिद्ध केले, तेव्हा त्याचाही काटेकोर अर्थ इतकाच होता. सूक्ष्मजंतूंच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. लेप्टोस्पायरासाठी वापरली जाणारी सूक्ष्मदर्शकीय समूहन परीक्षा जिवंत ज्ञात वाणांच्या संचावर अवलंबून असते. वटवाघळातील वाण त्या संचात नसल्यास मूत्रावाटे जंतू सोडणारा प्राणीही परीक्षेत निर्दोष ठरू शकतो.

नकारात्मक निकालाचे गणितही ध्यानात घेणे आवश्यक आहे. एखाद्या वसाहतीतील ३० प्राणी तपासून एकातही जंतू सापडला नाही, तरी वसाहतीतील सु. १० टक्क्यांपर्यंत प्राणी संक्रामित असण्याची शक्यता ९५% विश्वासमर्यादेत शिल्लक राहते. ती १ टक्क्यापर्यंत खाली आणण्यास सु. ३०० प्राणी तपासावे लागतात, आणि तेही परीक्षा कधीच चुकत नाही असे गृहीत धरून.

काळाचा प्रश्न : एकदाच गुहेत जाऊन घेतलेले नमुने वर्षभराचे चित्र देऊ शकत नाहीत. हिंदी महासागरातील रेयुन्याँ बेटावरील अभ्यास (२०१५) या दृष्टीने मार्गदर्शक ठरला. या बेटाखेरीज अन्यत्र न आढळणारे मॉर्मोप्टेरस फ्रान्स्वामूटूई हे १० ग्रॅ.हून कमी वजनाचे कीटकभक्षक वटवाघूळ आहे. दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याच्या सुरुवातीस त्याच्या गर्भार माद्या हजारोंच्या संख्येने एकत्र येतात व प्रत्येक मादी एक पिल्लू देते. संशोधकांनी प्राण्यांना न मारता, लागोपाठच्या प्रसूतिहंगामांत वसाहतीतील मूत्राचे नमुने पुनःपुन्हा तपासले. लेप्टोस्पायरा सोडणाऱ्या प्राण्यांच्या प्रमाणाची दोन शिखरे आढळली. पहिले माद्या एकत्र येऊन गर्भारपण पुढे सरकत असताना आणि दुसरे पिल्ले जन्मल्यानंतर सु. दोन महिन्यांनी. दुसऱ्या शिखराचे संभाव्य स्पष्टीकरण असे की, आईकडून पिल्लांना मिळालेले संरक्षण तोवर संपते व संक्रामणास पात्र अशा प्राण्यांची मोठी संख्या एकाच वेळी तयार होते. या दोन शिखरांच्या मधल्या काळात गेलेल्या पथकाला ही वसाहत बरीचशी निर्धोक वाटली असती, तर शिखराच्या वेळी गेलेल्याला अतिशय धोकादायक.

या बेटावर माणसांतही लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यामुळे वटवाघळांच्या मूत्रात एवढ्या प्रमाणात जंतू सापडल्यावर त्यांनाच दोषी ठरविणे सोपे होते. जंतूंच्या जनुकांची तुलना केल्यावर मात्र रुग्णांतील वाण मुख्यतः उंदरांतील लेप्टोस्पायरा इंटेरोगॅन्स या जातीशी जुळले. वटवाघळांतील वाण निराळ्या गटाचे ठरले. मायोत बेटावर रुग्णांत सापडलेल्या लेप्टोस्पायरा मायोतेन्सिस या जातीचा साठा तर २०१६ मध्ये टेनरेक या कीटकभक्षक प्राण्यात आढळून आला. मादागास्कर व आसपासच्या बेटांवरील वटवाघळांतील वाणही बव्हंशी आपापल्या पोषक जातींशी बांधलेले दिसतात.

मानवी धोका : याचा अर्थ वटवाघळांतील सूक्ष्मजंतू माणसाला कधीच बाधत नाहीत असा नाही. नैर्ऋत्य नायजेरियात वर्षातून दोनदा होणाऱ्या पारंपरिक उत्सवात गावकरी ठरावीक गुहांत शिरून वटवाघळे पकडतात; ती खाल्ली अथवा विकली जातात. या गुहांतील ईजिप्शियन फलाहारी वटवाघळांत व त्यांच्यावरील माश्यांत सापडलेल्या नव्या बार्टोनेलास बार्टोनेला रूसेटी हे नाव सुचविण्यात आले आणि परिसरातील २०४ व्यक्तींपैकी आठ जणांच्या रक्तरसात या जंतूविरुद्धचे, इतर बार्टोनेलांशी विक्रिया न करणारे, प्रतिपिंड आढळले (२०१८). येथे जंतू, वाहक, संपर्काची वाट व माणसातील खूण हे सर्व दुवे जुळतात; तरीही या आठ जणांना कोणता आजार झाला होता हे प्रतिपिंडांवरून सांगता येत नाही. झँबियातील पुरावा याहून पुढे जातो. तेथे २०१९ मध्ये वर्णन केलेला, आवर्ती ज्वराच्या गटातील बोरेलिया ताप आलेल्या एका रुग्णात, वटवाघळांच्या गुहेतील गोचिडींत व खुद्द वटवाघळांत अशा तिन्ही ठिकाणी आढळला. अशा प्रदेशात ताप आलेल्या रुग्णाला हिवताप असल्याचे गृहीत धरले जाते आणि रक्ताची काचपट्टी निर्दोष निघाल्यावर शोध बहुधा तेथेच थांबतो. जे रोग प्रतिजैविकांनी बरे होऊ शकतात, ते त्यामुळे नाव न मिळताच राहून जातात.

अर्धवट पुराव्यावर वसाहती नष्ट करण्याचा परिणाम काय होतो, याचे बोलके उदाहरण व्हायरसाच्या बाबतीतील आहे. युगांडातील किटाका खाणीत २००७ मध्ये कामगारांना मारबर्ग रोग झाल्यावर तेथील वटवाघळे मारून टाकण्यात आली. काही वर्षांत नवी वटवाघळे तेथे येऊन राहिली. २०१२ मध्ये जवळच्याच इबांडा गावी या रोगाची साथ उद्‌भवली व खाणीतील वटवाघळांत सक्रिय संक्रामणाचे प्रमाण पूर्वीच्या सु. ५ टक्क्यांऐवजी सु. १३% आढळले. रिकाम्या जागी येणारी वटवाघळे बहुधा तरुण व पूर्वी संक्रामण न झालेली असतात, हे त्याचे एक कारण मानले जाते.

नमुने घेणाऱ्यांना अलर्क रोगाची प्रतिबंधक लस आधी टोचून घ्यावी लागते. जाड हातमोजे, मुखपट अथवा श्वसनसंरक्षक, पूर्ण बाह्यांचे कपडे व उंच बूट यांचा वापर करतात. गुहेतून बाहेर आल्यावर अंगावर व कपड्यांत गोचिडी आहेत काय ते पाहतात आणि एका गुहेतील साधने निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या गुहेत नेत नाहीत. पिल्ले आईला बिलगलेली असतात त्या आठवड्यांत जाळी लावणे टाळतात. मूत्राचे शिखर नेमके केव्हा येते हे पाहण्यासाठी अशा काळात वसाहतीखाली स्वच्छ प्लॅस्टिकचा कापड अंथरून पडलेले थेंब गोळा करतात; मात्र त्यावरून किती प्राणी संक्रामित आहेत हे सांगता येत नाही, केवळ वसाहतीत जंतू बाहेर पडत आहेत एवढेच कळते.